बिल चोख, मिसळ थंड

हॉटेलांसाठी बिलाचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना गल्ला उत्तम कळतो. भटारखाना मात्र त्यांनी बहुधा लांबूनच पाहिलेला असतो. ५ टक्के जीएसटीचे केंद्र आणि राज्य असे अडीच-अडीच टक्क्यांचे दोन तुकडे त्यांचं यंत्र पैशापर्यंत अचूक पाडतं. पण ‘एक मिसळ, तर्री वेगळी, कांदा नको, पाव मागून’ एवढं नोंदवायला वेटरला तीन-चार वेळा पडदा बदलून ‘विशेष सूचना’ नावाच्या चौकटीत टाइप करत बसावं लागतं, तेही ओल्या बोटांनी. मग तो शहाणा माणूस सरळ आत तोंड करून ओरडतो आणि यंत्रात उरते नुसती ‘मिसळ १’. मालक म्हणतील, हिशेब नको का, चोरी कशी पकडायची? रास्त आहे, पण ओरडून मागवलेला जादा पाव यंत्राला दिसतच नाही, म्हणजे गळती नेमकी तिथेच. बरं, मनात आणलं की सोय करता येते. सेवाशुल्क बिलात आपोआप चढवू नका, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला २०२२ मध्ये बजावावं लागलं, कारण तिथे कुणाला काही टाइप करावं लागत नव्हतं. ते काढायला मात्र मॅनेजर, त्याचा पासवर्ड आणि गिऱ्हाइकाची चिकाटी, तिन्ही लागतात.