नानांची दाद

परीक्षणासाठी सीडी आली की नाना ती लगेच लावत नाहीत. आधी कव्हर वाचतात, भिंगातून. तबल्यावर कोण, पेटीवर कोण, मागे तंबोऱ्यावर कोण, यातलं काही छापायचं राहिलं असेल तर पहिला परिच्छेद तिथेच तयार. "१९०२ साली कोलकात्यात गौहर जान रेकॉर्डच्या शेवटी स्वतःचं नाव इंग्रजीत सांगायची. का? तर जर्मनीत तबकडी छापणाऱ्याला कळावं, कोण गायलंय ते. आणि हे लेकाचे सदाशिव पेठेत राहून तंबोऱ्यावाल्याचं नाव छापत नाहीत!"

बड्या कंपन्यांच्या सीडींना नाना हात लावत नाहीत. त्यांचा जीव एका खोलीत चालणाऱ्या कंपन्यांवर. मालकच संपादक, मालकच हमाल. ७८ची तबकडी साडेतीन मिनिटांत आटपायची, पण घरगुती बैठकीच्या टेपमध्ये बुवा तासभर एका रागात रमलेले असतात. अशी टेप कुणाच्या तरी माळ्यावर सापडते. डबीवर एवढंच लिहिलेलं: 'बुवा. भूप. छान.'

मग नाना पेटी ओढतात. "बुवा काळी दोनमध्ये गायचे. हे पांढरी तीन झालंय. टेप पळतेय." मालक बिचारा मशीन तपासतो आणि नाना बरोबर निघतात. कान तयार आहे, हे मान्यच करायला हवं. तंबोऱ्याचा पंचम उतरलेला त्यांना कुकरच्या शिट्टीतूनही कळतो.

प्रत्यक्ष गाण्याला मात्र परीक्षणात दोनच ओळी: 'बढत पद्धतशीर. तानेत दाणा आहे.' उरलेली जागा कपबशा, बाहेरून गेलेली रिक्षा आणि पुढच्या रांगेतला खोकला यांना. मधेच कुणाची 'क्या बात है' ऐकू आली की नाना हात वर करतात. "हा मी." १९६१च्या बैठकीतही तेच! तेव्हा नाना दुसरीत होते, असा काकूंचा हिशेब.

"मांडीवर बसून दिली होती," नाना म्हणाले.

मागच्या महिन्यात मालकाने हौसेने मालकंसाची एक टेप संगणकावर धुऊन काढली. खरखर गेली, खोकले गेले, कपबशा गेल्या. नानांनी दोनदा ऐकली आणि लिहिलं, 'स्वर स्वच्छ. बैठक मेली आहे.' संध्याकाळी मालकाचा फोन.

"नाना, काय चुकलं हो?"

"विलंबित संपताना बुवा मध्यमावर थांबतात. तिथे काय होतं?"

"काय होतं?"

"बघ. कापलंस आणि विसरलासही."

फोन ठेवून त्यांनी कपाटातून त्याच बैठकीची जुनी कॅसेट काढली. पेन्सिल घालून सैल फीत गुंडाळली, लावली. बराच वेळ नुसती खरखर. मग बुवा मध्यमावर आले आणि मागून कुणीतरी म्हणालं, "क्या बात है!"

नानांनी हात वर केला.