वातशामक

जुन्या संगणकाच्या पेटीत घरघरणारा पंखा हाच ज्यांच्या उत्तरायुष्यातील एकमेव प्रतिपक्ष होऊन बसला आहे, असे एक गृहस्थ हल्ली बहुतेक प्रत्येक सोसायटीत आढळतात. ते बहुधा हिशेबतपासणीच्या खात्यातून सन्मानपूर्वक निवृत्त झालेले असतात. मुलाने परदेशी जाताना मागे टाकलेला 2006 च्या सुमाराचा संगणक त्यांच्या ताब्यात आलेला असतो. आणि त्या यंत्रावर ते नेमके कोणते कार्य करतात, हे त्यांच्या सहधर्मचारिणीसही ज्ञात नसते. पंखा आवरणे हेच ते कार्य होय, असा माझा तर्क आहे.

त्यांची अडचण मात्र काल्पनिक म्हणता येणार नाही. जुन्या मदरबोर्डावर चार पिनांची जागा बहुधा एकट्या प्रोसेसरच्या पंख्याला बहाल केलेली असते, आणि पेटीच्या पंख्यांची बोळवण तीन पिनांवर होते. चार तारांच्या पंख्यास चौथ्या तारेवरून, सेकंदास सुमारे 25,000 स्पंदांच्या लयीत, गतीची ताकीद पोहोचत असते; तीन तारांच्या पंख्यास एक तार भूमीची, एक 12 व्होल्टांची आणि एक स्वतःच्या प्रत्येक फेरीस दोनदा वर्दी देण्याची, एवढाच सरंजाम असतो. त्यास आवरायचे तर व्होल्ट उतरवावे लागतात. ती तरतूद पुष्कळशा जुन्या बोर्डांत केलेलीच नसल्यामुळे तो ऐन पौषातही वैशाखवणवा पेटल्याप्रमाणे पूर्ण वेगाने फिरत राहतो. वर्दी इमानाने देतो, पण हुकूम घेत नाही. ज्या मनुष्याने तीस वर्षे हाताखालच्या कारकुनांकडून नेमके याच्या उलट अनुभवले, त्याच्या मनाची तगमग वाचकांनी समजून घ्यावी.

प्रथम ते बायॉसमध्ये शिरून प्रत्येक कलमाची छाननी करतात. तेथे दाद लागली नाही, की ‘स्पीडफॅन’ नावाची आज्ञावली उतरवून घेतात, आणि येथून त्यांच्या वहीला खरा बहर येतो. या आज्ञावलीत, ज्या जागी तापमापक जोडलेलाच नाही तेथेही अंश दाखवले जाण्याचा संभव असतो. एके सकाळी त्यांना उणे 128 अंश दिसतात, आणि अंटार्क्टिकातील व्होस्टोक येथे 1983 साली नोंदलेला उणे 89.2 अंशांचा नीचांक आपल्या दिवाणखान्यात मोडला गेल्याची नोंद, शेरा न मारता, तांबड्या शाईने होते.

“अहो, सरळ नवा पंखा का नाही घेऊन येत?” असे आतून विचारले जाते.

“पंखा नादुरुस्त नाही. बेशिस्त आहे,” असे उत्तर जाते.

अखेर ते विजेच्या तारांनाच हात घालतात. पिवळ्या तारेवर 12 व्होल्ट, तांबडीवर 5. पंखा या दोहोंच्या दरम्यान जोडला की त्याच्या वाट्यास 7 उरतात, ही वजाबाकी हिशेबतपासनिसास न सुचती तरच नवल. त्याहून काटकसर करून निव्वळ 5 व्होल्टांवर ठेवावे, तर कित्येक पंखे जागचे उठतच नाहीत. तेव्हा हे गृहस्थ झाकण काढून पात्यास तर्जनीने चालना देतात, आणि पाहुण्यांस क्षणभर थांबण्याची खूण करतात. त्यांचे गणित मुळात चुकीचे नाही, हे मी मुद्दाम नमूद करतो: पंख्याचा वेग निम्मा केला असता वाराही निम्माच राहतो खरा, परंतु आवाज सुमारे 15 डेसिबलांनी उतरतो, आणि हा सौदा कोणाही सुज्ञास पटावा.

दुर्दैव असे, की पंखा गप्प बसताच त्यांना हार्ड डिस्कची टिकटिक ऐकू येऊ लागते. ती तेथे पूर्वीपासून होतीच. घरघरीखाली दडपली गेली होती, इतकेच. तिच्याखाली रबराचे तुकडे बसवून झाले, की वीजपुरवठ्याच्या डब्यातील बारीक गुणगुण प्रकट होते, आणि वहीत नवे पान उघडले जाते. शांतता हे त्यांचे साध्य आहे, असे मला आता वाटेनासे झाले आहे. त्यांना अंमल हवा आहे.

एकदा एका घरी संगणकाच्या दुकानातील पोरसवदा कारागीर दुसऱ्याच कामासाठी आला होता. त्याने सहज शीतकाच्या पत्र्यांत साचलेला धुळीचा नमदा ब्रशाने काढला, प्रोसेसरवरचा वाळून खडू झालेला लेप पुसून नवा लावला, आणि प्रोसेसरचा पंखा, कोणाच्याही ताकिदीवाचून, मुकाट्याने मंदावला. गृहस्थांनी त्या मुलास चहा दिला, परंतु पुन्हा कधी बोलावले नाही.

तरी ज्यांचे संगणक घरघरत असतील, त्यांनी प्रथम यंत्र बंद करून, पाती बोटाने धरून, धूळ झाडावी. लेप वाळला असल्यास बदलावा. आणि हे सर्व शेजारच्या गृहस्थांच्या कानावर जाण्यापूर्वी उरकावे, कारण आपल्या पंख्याची नोंद त्यांच्या वहीत एव्हाना झालेली असते.