पश्चिमेची काच आणि काकीचे कवेलू

आमच्या गल्लीत सध्या तीन घरांची बांधकामं एकदमच निघाली आहेत. तिन्हींची खरी इंजिनियर आमची शेजारची काकी. हे त्या घरमालकांना अजून कळलेलं नाही, एवढंच.

काकीची सांदवाडी आणि आमची सांदवाडी यांच्यामध्ये बांबूच्या तट्ट्याचं कुंपण आहे. ती तिकडे लाखोरीची भाजी निवडत बसते, मी इकडे कपडे वाळत घालते, आणि साकोलीच्या बाजारापासून निघालेली गोष्ट पाच मिनिटांत कुणाच्या तरी स्लॅबवर चढते.

“गुरुजीच्या घराची काच पाह्यली का वं?” तिनं परवा विचारलं.

न पाहून सांगते कुणाला! गुरुजींचा मुलगा पुण्याला. त्यानं मोबाइलवर एक फोटो पाठवला आणि मिस्त्रीनं तो पाहून घर उभं केलं. समोरचा सगळा भाग काचेचा, आणि समोर म्हणजे बरोबर पश्चिम. आत्ता थंडीत ते फार देखणं दिसतं. पण आपल्या जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो. दक्षिणेचं ऊन तेव्हा वरून उतरतं, त्याला दोन फुटांचा सज्जा पुरतो. पश्चिमेचं ऊन दुपारी तीननंतर आडवं घुसतं. त्याला झाड लागतं, नाहीतर छपरी, नाहीतर त्या अंगाला खिडकीच नको. काच ऊन आत घेते आणि आत तापलेल्या भिंतींची धग बाहेर जाऊ देत नाही. गुरुजींनी आयुष्यभर विज्ञान शिकवलं, त्यांना हे मी काय सांगू? पण मुलाला नाही म्हणणं हा विज्ञानाचा विषय नव्हे.

“जुन्या घराले त्या अंगाले काय होतं? कोठा,” काकी म्हणाली. “ढोरं अन् तनस. म्हातारा का येडा होता?”

नव्हताच. पश्चिमेला कोठा आणि तनशीचा ढीग, म्हणून माणसं झोपायची त्या खोलीच्या भिंतीला संध्याकाळचं ऊन कधी लागलंच नाही. घर पाडताना कोठा आधी पाडला, कारण आता ढोरं नाहीत. ढोरं गेली, ऊन काही गेलं नाही.

मातीच्या घराचे गोडवे मी गाणार नाही. वाळवी, विंचू, दरवर्षी मृगाच्या आधी कवेलू फेरणं, आणि फेरून माणूस खाली उतरतो न उतरतो तोच वांदरांची टोळी त्यावरून धावत जाते. आमच्याकडे कवेलू जाऊन टीन आले त्यात गरिबी-श्रीमंतीपेक्षा वांदरांचा हात मोठा आहे. पण सेवाग्रामला सहल नेऊन बापूकुटीतल्या गारव्याचं कौतुक करायचं आणि परत येऊन आपली दोन फूट जाडीची भिंत जेसीबीनं पाडायची, हे मात्र आपणच करू जाणे.

दुसरं घर बँकेतल्या भाऊंचं. यांना स्वतः हात चालवायची भारी हौस. सुटीच्या दिवशी ड्रिल मशीनचा आवाज आला की काकी कुंपणाशी हजर. भंडारा पितळेच्या भांड्यांचं गाव, घरोघरी आजीचं एखादं घंगाळ पडलेलं असतंच. भाऊंनी त्याचं वॉश बेसिन करायचं ठरवलं. प्लंबरनं हात लावला नाही, म्हणून भंडाऱ्याला नेऊन कसाराकडून भोक पाडून, नळीला डाख देऊन आणलं. बसवलं, फोटो काढले, पाहुण्यांनी वाहवा केली. आठ दिवसांत साबणाच्या पाण्यानं हिरवट डाग. आता त्यांची बायको दर रविवारी चिंच घेऊन बेसिनपुढे उभी.

“ज्यानं बसवलं त्यानंच घासावं मना,” काकीचा निकाल.

मग गाडीसाठी बांबूचा मांडव झाला. बांबू भर पावसाळ्यात तोडलेला, ओला, नुसता वार्निश मारलेला. दिवाळीनंतरच्या मंडईला पाहुणे आले तेव्हा गाडीच्या टपावर पिवळी भुकटी सांडलेली. घुण लागला होता. बांबूत साखर-पीठ असतं, त्यावरच ती कीड जगते. म्हणून आपले बुरड बांबू पावसाळा सरल्यावर तोडलेला घेतात, आणि जुनी माणसं तो महिनाभर बोडीत बुडवून ठेवायची. पाण्यात ते पीठ निघून जातं. वास असा सुटतो की बोडीकडे फिरकवत नाही, पण नंतर बांबू वर्षानुवर्षं टिकतो. हल्ली बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात मुरवतात, तेही चालतं. वार्निश हा मात्र उपाय नव्हे, तो मेकअप आहे.

भाऊंची एक गोष्ट साधली, ती कबूल केली पाहिजे. पश्चिमेची एक भिंत त्यांनी विटा आडव्या न ठेवता उभ्या लावून, मधे पोकळी सोडून बांधून घेतली. लॉरी बेकर या इंग्रज वास्तुकारानं केरळात अशा भिंती पुष्कळ बांधल्या. विटा चौथ्या हिश्श्यानं वाचतात आणि पोकळीतली हवा उन्हाची धग आत लवकर येऊ देत नाही. आमच्या मिस्त्रीनं आधी साफ नकार दिला, मग रोजी वाढवून मागितली, आणि आता म्हणे तो दुसऱ्या गावात हीच भिंत स्वतःची म्हणून सांगतो. घर पाच मैलांच्या आतल्या साहित्यातून बांधावं, हे गांधीजींचं बोलणंच बेकर जन्मभर सांगत राहिले. भाऊंची टाइल मोरबीहून आली आहे, ते असो.

तिसरं घर गल्लीच्या टोकाला, विड्या वळणाऱ्या बाईचं घरकुल. काकीचा जीव तिथं. प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट भागातल्या घराला १ लाख २० हजार मिळतात, रोजगार हमीची ९० दिवसांची मजुरी आणि शौचालयाचे १२ हजार वेगळे. किमान २५ चौरस मीटर, म्हणजे २७० चौरस फुटांच्या आत-बाहेर. एवढ्यात घर होत नाही, हे सांगायला कुणी तज्ज्ञ नको. रेती ५ ब्रासपर्यंत मोफत आहे, पण ती दारात येईपर्यंत मोफत राहत नाही. या योजनेत ठेकेदार लावता येत नाही. ज्याचं घर त्यानं उभं राहून बांधून घ्यायचं. आणि ही बाई खरोखरच उभी राहिली.

मजूर रोवणीत मिळत नाहीत, कापणीत मिळत नाहीत, हे तिला पाठ. तिनं धान घरात आल्यावरच पाया खोदला. जागा म्हणजे भर टाकलेली जुनी बांधी. काकीनं तिला बजावलं, भरीवर पाया नको, मूळच्या घट्ट जमिनीपर्यंत उतर. काकीचं माहेर पवनीकडचं, वैनगंगेच्या काठावरचं. २०२० च्या ऑगस्टअखेरचा पूर तिनं पाहिलाय, त्यामुळे जोत्यापाशी ती कुणाचं ऐकत नाही. “जोतं एक हात वर घे. रंग मंग दे, नाही देल्ला तरी चालते.”

स्लॅब पडला त्या संध्याकाळी बाईच्या मुलानं वर रेती-मातीच्या धुरा घालून चौकोन केले आणि दुसऱ्या दिवशी त्यात पाणी भरलं. सरळसरळ बांधीच! कॉलमला ओल्या तनशीचे वेढे. गुरुजींच्या स्लॅबवर मिस्त्रीचा पोरगा सकाळी पाइप फिरवून जायचा, चौथ्या दिवशी तोही बंद. राखमिश्रित सिमेंटला निदान १० दिवस आणि कोरड्या, तापलेल्या हवेत १४ दिवस ओल हवी, असं बांधकामाचं भारतीय मानकच म्हणतं. बाईनं मानक वाचलेलं नाही. धान उभं असताना बांधी कोरडी पडू द्यायची नसते, एवढं तिला ठाऊक. गुरुजींच्या स्लॅबला केसासारख्या भेगा आहेत, तिच्या स्लॅबला नाहीत.

जुन्या घराच्या सागवानी चौकटी तिनं रंधा मारून परत बसवल्या, आणि पश्चिमेला जुन्याच मयालींवर कवेलूची छपरी काढली. अधिकारी फोटो काढायला आले तेव्हा पहिले त्या छपरीत बसून पाणी प्याले.

गुरुजींनी आता काचेपुढे हिरवी जाळी बांधायला सांगितली आहे. मग काच दिसणार नाही, पण असेल.

तेव्हा गावात कुणी जुनं घर पाडत असेल तर कवेलू ट्रॉलीत भरून नाल्यात टाकू नका. आमच्या कुंपणाशी येऊन हाक मारा. काकीनं स्वतःच्या घराला छपरी काढायचं मनावर घेतलंय, आणि तिला अजून दोनशे कवेलू कमी पडताहेत.