सांबाराला पुरावा काय?

अमेरिकेत हिशेबनीस व्हायचं असो की नर्स, कॉलेजात शिरलात की आधी ‘कॉम्पोझिशन’ सहसा चुकत नाही. मुलांना धड लिहिता येत नाही, या ओरडीतून हार्वर्डने १८८५ मध्ये पहिल्या वर्षाला हा विषय लावला आणि मग तो देशभर पसरला. ओरड अजून चालू आहे, त्यामुळे विषयही चालू आहे.

मला न्यू जर्सीतल्या एका कम्युनिटी कॉलेजातून अकाउंटिंग शिकायचं होतं. वाटेत ‘लेखन, संशोधन आणि माध्यमं’ हा कोर्स आडवा आला. मी निर्धास्त होते. ‘नदीचे आत्मवृत्त’ आणि ‘सूर्य उगवला नाही तर’ या विषयांवर शाळेत माझी मक्तेदारी होती. इथे कळलं, की नदीने बोलायला कुणाची हरकत नाही, फक्त बोलताना तिने संदर्भ द्यायला हवेत.

पहिला नियम, मुद्दा पहिल्याच परिच्छेदात आणि एका वाक्यात सांगायचा. हे आमच्या रक्तात नाही. आपल्याकडे पाहुणे येतात, हवापाणी होतं, गुडघे होतात, मुलांचे मार्क होतात. मग ‘बराय, येतो’ म्हणून उठतात, चपला घालतात आणि दाराच्या कडीवर हात ठेवून म्हणतात, ‘अहो, ते आमच्या भाच्यासाठी कुठे स्थळ असेल तर...’ आमचा मुद्दा कायम दारात असतो. माझ्या पहिल्या मसुद्यावर प्राध्यापिकेने शेवटच्या परिच्छेदातून एक बाण काढला तो थेट पहिल्या पानावर नेऊन सोडला. ही प्राध्यापिका माझ्या मुलीच्या वयाची. ‘मला नावानेच हाक मारा’ असा तिचा आग्रह. जीभ काही वळेना, म्हणून मी शेवटपर्यंत ‘मॅडम’ म्हणत राहिले आणि ती शेवटपर्यंत अवघडत राहिली.

मग आले संदर्भ. टिंब कुठे, स्वल्पविराम कुठे, कशाला तिरकी अक्षरं, हे ठरवणारी मॉडर्न लँग्वेज असोसिएशन नावाची संस्था इथे १८८३ पासून आहे. तिच्या पुस्तिकेची २०२१ मध्ये नववी आवृत्ती निघाली. लेख नियतकालिकात आणि नियतकालिक डेटाबेसमध्ये, हे सगळं प्रवासाला निघताना डब्यात डबा भरावा तसं क्रमाने मांडायचं. घरी मी वाण्याची यादीसुद्धा आडनावानुसार लावू लागले, तेव्हा नवऱ्याने दुकानात जायचं बंद केलं.

माध्यमांच्या तासाला मॅडमनी झाडावर राहणाऱ्या ऑक्टोपसची वेबसाइट दाखवली. वॉशिंग्टन राज्यातल्या ओल्या जंगलात हा प्राणी राहतो, नामशेष व्हायला आलाय आणि बिगफूट त्याचा शत्रू आहे, असं सगळं तिथे गंभीर चेहऱ्याने लिहिलेलं. माझ्या शेजारचा मुलगा हळहळला, आणि सही कुठे करायची, म्हणाला. ही साइट १९९८ पासूनची थट्टा आहे. म्हणून माहिती हाती आली की पाच गोष्टी तपासायच्या: ती ताजी आहे का, कामाची आहे का, सांगणारा कोण, खरी कशावरून आणि सांगण्यात त्याचा हेतू काय. कॅलिफोर्नियातल्या चिको इथल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयातून २००४ मध्ये निघालेली ही कसोटी. तिचं आद्याक्षरी नाव मात्र चारचौघांत घेण्यासारखं नाही.

शेवटच्या शोधनिबंधाला मी सांबार घेतलं. इथल्या एडिसनमधल्या ओक ट्री रोडवर मराठी मंडळी इडली खायला बसली, की एकजण हमखास सांगतो: संभाजी महाराज तंजावरला गेले, तिथे आमटीला आमसूल मिळेना, म्हणून चिंच घातली आणि पदार्थाला महाराजांचं नाव पडलं. सांगणाऱ्याचा थाट असा, की दर वाटीमागे त्याला मानधन मिळतं.

मी तारखा मांडल्या. कथेतले यजमान, म्हणजे व्यंकोजीराजांचे पुत्र शहाजीराजे, १६८४ मध्ये तंजावरच्या गादीवर आले. संभाजी महाराज १६८९ मध्ये गेले. पाहुणचाराला मधली पाचच वर्षं उरतात आणि त्यात औरंगजेब दक्षिणेत ठाण मांडून बसलेला. भेटीचा त्या काळचा कागद मला सापडेना. मुलाखती चालतील, असं मॅडम म्हणाल्या, म्हणून इथल्या मराठी मंडळातल्या काकांना गाठलं.

‘काका, हे कुठे आहे?’

‘इतिहासात!’

‘कोणत्या?’

‘अगं, सगळ्यात!’

दुसऱ्या एका काकांच्या मते चिंच खुद्द शहाजीराजांनी घातली, तर वहिनींच्या मते आचाऱ्याने. शेजारच्या तमिळ मामींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘म्हणजे तुम्ही येईपर्यंत आम्ही भात कोरडाच खात होतो?’

मसुदा वर्गमित्रांनी तपासायचा असतो. ऑक्टोपसवाल्या मुलाने समासात बदाम काढून ‘फार आवडलं’ असं लिहिलं आणि खाली विचारलं, आमसूल म्हणजे काय? ते समजावताना तळटीप मूळ निबंधाच्या अंगावर आली.

लिहिता लिहिता मात्र कसोटीतला शेवटचा प्रश्न मला चिकटला. ही गोष्ट खरी असो-नसो, आपण ती सांगतो कशाला? तंजावरचे मराठे मुलूख सोडून गेले, तिथेच रुजले आणि त्यांचे वंशज आजही आपली वेगळी मराठी बोलतात. परमुलखात गेलेल्या माणसाला तिथल्या पानात एखादी तरी वाटी आपली हवी असते. एडिसनमध्ये बसून तंजावरची ही गोष्ट सांगणाऱ्यालाही तेच हवं असतं. म्हणून मी पहिल्याच परिच्छेदात, एका वाक्यात लिहिलं: सांबाराच्या या जन्मकथेला समकालीन पुरावा मिळत नाही, पण ती सांगणाऱ्यांच्या घरच्या ओढीला मिळतो. मॅडमनी या वाक्याखाली दोन रेघा मारल्या आणि ‘ए’ दिला.

पाडव्याला मंडळात मी सगळा निबंध मराठीतून सांगितला, पुराव्याच्या अभावावर विशेष जोर देऊन. काकांनी पुढच्या रांगेत बसून मन लावून ऐकलं. पुढच्या रविवारी ओक ट्री रोडवर पलीकडच्या टेबलावरून त्यांचा आवाज आला. समोर इडलीची ताटली होती आणि भारतातून नुकताच आलेला जावई होता.

‘अहो, सांबार आपलंच! आता तर त्यावर इथल्या कॉलेजात पेपरही झालाय!’