तासरावांस खुले पत्र

मा. तासराव यांस,


परवा आमच्याकडे रोजगार सर्वेक्षणाचे साहेब आले होते. ओट्यावर बसून त्यांनी विचारलं, ‘मागच्या सात दिवसांत काही काम केलंत?’ मी म्हणालो, ‘कुठलं काम? एम.ए. झालोय, भरतीची वाट बघतोय.’ तेवढ्यात आई आतून ओरडली, ‘अहो, मंगळवारी दादा बँकेत गेला तेव्हा गिरणीवर हाच होता की!’ किती वेळ? तासभर. ‘मग झालं,’ साहेब म्हणाले, ‘आठवड्यात एक तास पुरतो.’

तासराव, तुमच्या कृपेने मी कामाला लागलो. पगार नाही, पण घरच्या धंद्यातला बिनपगारी मदतनीसही मोजणीत कामगारच. दोन डबे ज्वारी दळली, तिसऱ्याला लाईट गेली. भुवयांवरचं पीठ झटकेपर्यंत मी देशाच्या बेकारांतून वजा!

तुमचे थोरले बंधू, म्हणजे ते वर्षभराचं माप, तुमच्याहून दिलदार. सालात तीसेक दिवसांचं जोडकाम त्यांना चालतं. त्यांच्या हिशेबी बेरोजगारी 2017-18 मध्ये 6.1 टक्के होती, 2023-24 मध्ये 3.2. त्याच साली तुमच्या मापाने 5 च्या आसपास. गिरणीत आम्ही असे दोन काटे ठेवले असते तर गावाने चोपलं असतं.

शेजारच्या काकूंना बेकार राहणं जमलंच नाही. आज खुरपणी, उद्या कुणाची धुणी. चूल पेटायची तर मिळेल ते करावं लागतं. बेकार बसायला घरात दुसरं कुणी कमावतं लागतं. माझ्या मामेभावाचं तसं आहे. इंजिनीअर होऊन तो सदाशिव पेठेत मामांच्या पैशावर जाहिरातीची वाट बघतो. म्हणूनच तुमच्या वहीत पदवीधर बेकार भरपूर आणि निरक्षर नावाला. चुलतबहीण डी.एड. झाली, चार वर्षं अर्ज केले, मग ‘आता नको’ म्हणाली. ती ‘घरकामा’च्या रकान्यात गेली. आता ती बेकारांतही नाही आणि ज्यांच्या संख्येने भागतात त्या श्रमबलातही नाही. दर मात्र तेवढा उतरला.

कामं का नाहीत, हे तुम्हाला कुणी विचारत नाही, ते बरंय. आमच्या चार एकरांत दोघांचं काम, राबतो आम्ही पाच जण. जूनमध्ये सोयाबीन पेरायचं, ऑक्टोबरात काढायचं, पुढे पाणी नाही. 2023-24 मध्येही देशातले 46 टक्के कामकरी शेतीतच होते. शेतीला तेवढे हवेत म्हणून नव्हे, बाहेर कुणी घेत नाही म्हणून. तालुक्याच्या एमआयडीसीत घेतात, पण कंत्राटावर, आणि सहा महिन्यांनी गेटपास काढून घेतात.

असो. एक विनंती आहे. रविवारी मुलगी बघायला जायचंय. ‘मुलगा काय करतो?’ असं विचारलं की मी तुमचं नाव सांगणार आहे. जमल्यास सोबत या. तासभराचंच काम आहे.

आपला,
मंगळवारचा कामगार