जावई तेलवाला

दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य टोकाला जेमतेम आठ लाख वस्तीचा गयाना हा देश सध्या अर्थतज्ज्ञांचा भलताच लाडका आहे. २०२२ साली त्याची अर्थव्यवस्था ६० टक्क्यांहून अधिक वाढली. सहा-सात टक्क्यांवर पेढे वाटणाऱ्या आपल्यासारख्यांना ही छपाईतली चूक वाटेल, पण नाही. २०१५ मध्ये तिथल्या समुद्रात तेल सापडलं, २०१९च्या डिसेंबरात ते वर येऊ लागलं आणि ऊस-तांदळावर पोट भरणारं घर रातोरात खानदानी झालं.

खानदानी घराला जावईही तोलामोलाचा हवा. एक्सॉनमोबिल या तेल कंपनीचं स्थळ घरात आधीपासून होतंच. २०१६ मध्ये नव्याने याद्या झाल्या. उत्पन्नातले ७५ टक्क्यांपर्यंत जावईबापूंनी खर्चापोटी आधी उचलायचे. उरलेले निम्मे-निम्मे. वर मानाची दोन टक्के रॉयल्टी. म्हणजे खर्च फिटेपर्यंत शंभरातले साडेचौदा सासरेबुवांचे. जावयाचा प्राप्तिकर? तोही सासऱ्यानेच आपल्या वाट्यातून भरायचा आणि भरल्याची पावती जावयाच्या हाती द्यायची!

आजच्या सत्ताधाऱ्यांना विरोधी बाकांवरून या करारात खोटच खोट दिसे. २०२० मध्ये खुर्ची मिळाली आणि करार पवित्र झाला. पवित्र गोष्टीला कोण हात लावणार?

बरं, देश तेलाचा. पण तेल शुद्ध करायचा कारखाना नाही. पेट्रोल-डिझेल बाहेरून येतं. वीज पुरेना, म्हणून २०२४ मध्ये बर्बीस नदीत भाड्याचं वीज-जहाज आणून बांधलं. ते चालतं कशावर? तेलावरच.

पर्यावरणवाल्यांनीही निर्धास्त असावं. देशाचा ८० टक्क्यांहून अधिक भाग जंगल. ते राखल्याबद्दलचे कार्बन क्रेडिट २०२२ मध्ये किमान ७५ कोटी डॉलरला घ्यायचे ठरवले हेस कंपनीने. ही त्याच तेलसाठ्यात तेव्हा ३० टक्क्यांची भागीदार! धूरही घरचा, उदबत्तीही घरचीच.

राजधानी जॉर्जटाउन तर भरतीच्या पातळीखाली वसलेली. समुद्राला भिंत घातली आहे. कालव्यांच्या तोंडाशी ‘कोकर’ म्हणतात ते दरवाजे आहेत. ओहोटी लागली की उघडायचे, शहरातलं पावसाचं पाणी बाहेर सोडायचं आणि भरती यायच्या आत बंद करायचे. आता आपलं तेल जगाने जाळायचं, त्याने समुद्र चढायचा आणि तेलाच्या पैशातून आपण भिंत वाढवायची. इतकी कायमस्वरूपी रोजगारनिर्मिती कुठल्या अंदाजपत्रकात सापडते?

तेव्हा भवितव्य उज्ज्वलच आहे. जावयाचा खर्च एकदा फिटला की सासऱ्याचा वाटा वाढणार, हे कागदावर स्पष्ट आहे. फक्त एका प्रकल्पाचा खर्च दुसऱ्याच्या उत्पन्नातून वसूल करू नये, असं कलम घालायचं तेवढं राहून गेलं. नवी विहीर खणली की तिचा खर्च जुन्या विहिरीच्या तेलातून. आणि जावई भारी कष्टाळू. खणायचा म्हणून थांबत नाही.