शेंडेनक्षत्र, हॅलोजन आणि आत्या

धूमकेतू शोधला की त्याला तुमचं आडनाव लागतं. सुपरनोव्हा शोधला, म्हणजे अख्खा तारा फुटताना पकडला, तर त्याला मिळतं साल आणि पुढे काही अक्षरं. कुळाचा उल्लेख नाही. तेव्हा वसईकराने धूमकेतूच शोधावा, हे माझं जुनं मत. आमच्याकडे सातबाऱ्यावर नाव चढायला पिढ्या जातात.

शोधणं राहू द्या, आमच्या निर्मळ गावात आयता धूमकेतू बघणंही सोपं नाही. २०२४च्या ऑक्टोबरात त्सुचिनशान-अ‍ॅटलास आला. पृथ्वीच्या सर्वांत जवळ, म्हणजे सात कोटी किलोमीटरवर, तो नेमका दसऱ्याला, १२ तारखेला पोचला. पुढच्या काही संध्याकाळी पश्चिमेला, शुक्र आणि स्वाती यांच्या मधल्या पट्ट्यात. पश्चिमेला आम्हाला कळंबचा समुद्र, म्हणजे क्षितिजापर्यंत आडवं येणारं माडाचं झाडसुद्धा नाही. फक्त ढग. ते हटेपर्यंत कोजागिरी आली. एरवी वर्षभर चंद्राकडे ढुंकून न बघणारं गाव मसाला दूध घेऊन गच्चीवर, आणि त्या चांदण्यात माझ्या पाहुण्याची शेपटी पार पुसून गेली.

"शेंडेनक्षत्र दिसलं की राजा जातो," आत्या म्हणाली.

"आता राजे कुठे आहेत?"

"नगरसेवक?"

महापालिकेवर २०२० पासून प्रशासक बसलेला. शेंडेनक्षत्राला आमच्याकडे काही कामच उरलं नव्हतं.

चंद्र सरून रात्री काळोख्या होतात, तर कार्तिक वद्य एकादशीला निर्मळची यात्रा भरते. वर्षातला सर्वांत स्वच्छ कृष्णपक्ष, आणि त्यात हॅलोजन, आकाशपाळणा, सुकेळी. (सुकेळीबद्दल माझी तक्रार नाही.) मुंबईच्या खगोल मंडळाने शहराचा उजेड टाळायला वांगणी गाठली, ती उगाच नाही. पण निर्मळहून वांगणी म्हणजे सोपाऱ्याहून दादर आणि तिथून कर्जत लोकल. विरार गाडीत दुर्बीण घेऊन शिरलात तर तिच्या आधी तुमचे दोन पाय वेगवेगळ्या डब्यांत पोचतात.

असं असूनही हौशी माणसांनी आकाश लुटलेलं आहे. काओरू इकेया पियानोच्या कारखान्यात कामाला होता. १९६५ साली इकेया-सेकी हा भरदिवसा दिसलेला धूमकेतू ज्यांनी शोधला त्या दोघांतला तो एक. अर्जेंटिनातल्या रोसारियोचा व्हिक्टर बूसो कुलपं-किल्ल्यांचं काम करायचा. वारशाची जमीन विकून त्याने घराच्या गच्चीवर वेधशाळा बांधली, आणि सप्टेंबर २०१६ मध्ये नवा कॅमेरा तपासताना फुटणाऱ्या ताऱ्याची अगदी पहिली चमक टिपली. मोठमोठ्या वेधशाळांना न सापडलेली! ही हकीकत घरात सांगताना जमिनीचा भाग मी गाळतो. वसईत जमीन विकून लोक टॉवर बांधतात, पण त्यातून तारे दिसत नाहीत.

माझा खरा आदर मात्र ऑस्ट्रेलियाच्या रॉबर्ट इव्हान्स या पाद्रीबाबांसाठी. शेकडो दीर्घिका त्यांना तोंडपाठ. दुर्बिणीला डोळा लावायचा, आसपासचे ठिपके ओळखायचे, परका दिसला की पकडायचा. नुसत्या नजरेने ४२ सुपरनोव्हा! ऐकणारे थक्क होतात. मी झालो नाही, कारण मी आत्याबरोबर वाढलो. ती ओट्यावर बसून नेमकं हेच करते. रस्त्यावरून चाळीस माणसं जाऊ द्या, एकेचाळिसावा नवखा असला की तिची मान वळते, आणि संध्याकाळच्या आत त्याचं गाव, नोकरी, कोणाकडे आला, सगळं नोंदलेलं. या गावात सुपरनोव्हा शोधणारे पुष्कळ आहेत. फक्त त्यांचा रोख रस्त्याकडे आहे.

म्हणून मे २०२३ मध्ये मी तिलाच गच्चीवर नेलं. जपानच्या कोइची इतागाकी या हौशी शोधकाने १९ तारखेला सप्तर्षींजवळच्या एम १०१ दीर्घिकेत सुपरनोव्हा पकडला होता. आमच्या उजेडात दीर्घिका गायब, पण तो ठिपका कसाबसा दिसत होता. डास मारत आत्याने डोळा लावला.

"हा नवा?"

"नवा. मोठा तारा फुटलाय. दोन कोटी वर्षांपूर्वीच फुटला, उजेड आत्ता पोचला."

तिने डोळा काढला, पदराने घाम पुसला आणि थोडा हिशेब केला.

"दोन कोटी वर्षं झाली ना? मग सुतक नाही. चल जेवायला."